एकसष्ट क्रियापदं

सुरुवातीलाच एक सूचना. या लेखात किरण नावाचं एक माणूस आहे. ते 'आलं', 'बसलं', 'म्हणालं' असं मी लिहिणार आहे. कृपया पेन काढू नका. एकतीस वर्षं मुद्रणदोष शोधण्याचंच काम केल्यावर निदान स्वतःच्या लेखात ते कुठे आहेत आणि कुठे नाहीत, एवढं मला कळतं.

मी मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफरीडर. नाशिकला अशोकस्तंभाजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं कार्यालय होतं. दोन टेबलं, एक संगणक, एक कुरकुरणारा पंखा आणि भास्करराव. भास्करराव आमच्या दिवाळी अंकाचे मालक, संपादक आणि जाहिराती मागत फिरणारेही तेच. अंक फक्त विज्ञानकथांचा. वर्षभर मी इतरांची पुस्तकं, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल तपासायचे, पण गणपती उठले की दोन महिने हा अंक. तेव्हा माझ्या अंगात काहीतरी संचारायचं. घरी शालिनी म्हणायची, "आली तुझी परग्रहवासीयांची पंगत."

हे काम बाहेरच्या माणसाला फार सोपं वाटतं. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, बस. खरं तर लेखकाने काय लिहिलंय ते वाचायचं नसतं, काय छापलं गेलंय ते बघायचं असतं. गोष्टीत गुंतलात की चुका निसटतात. म्हणून मी कथा वाचताना मुद्दाम कोरडी राहायचे. यानाचा स्फोट झाला तरी माझं लक्ष 'स्फोट'मधला 'स' अर्धा आहे ना, याच्याकडे.

या कोरडेपणाचा एक तोटा मला फार उशिरा कळला. एकतीस वर्षांत माझ्या हाताखालून शेकडो विज्ञानकथा गेल्या. लोक प्रकाशाच्या वेगाने गेले, मेंदू डब्यात घालून आले, त्र्यंबकच्या डोंगरातून थेट दुसऱ्या आकाशगंगेत निघाले. पण प्रयोगशाळेत चहा आणायची ती नायिकाच. हजार वर्षं पुढे गेलं तरी कपबशी तिच्याच हातात. परग्रहावरच्या तीन डोळ्यांच्या प्राण्यांमध्येही नवरे कामावर जायचे आणि बायका काळजी करायच्या. मी त्यातली एकही गोष्ट चूक म्हणून अधोरेखित केली नाही. शुद्धलेखन बरोबर होतं ना!

चार-पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे दिंडोरीहून एक कथा आली. लेखकाच्या जागी नुसतं 'किरण'. कथेचं नाव 'दोन छाटण्या'.

दूरच्या ग्रहावर माणसांची एक वस्ती आहे. तिथे द्राक्षाच्या वेलींसारखीच माणसांचीही वर्षातून दोनदा छाटणी होते. जुनं शरीर गळतं, नवं फुटतं. 'मी' म्हणून बोलणारं पात्र दुसऱ्या एका माणसाच्या प्रेमात आहे, पण दोघांच्या छाटण्या वेगवेगळ्या वेळी होतात, त्यामुळे प्रत्येक ऋतूत एकमेकांना नव्याने ओळखावं लागतं. कल्पना मला बरी वाटली. पण भाषा? पहिल्या पानावर 'मी मांडवाखाली आले'. तिसऱ्या पानावर 'मी मांडवाखाली आलो'. पाचव्यावर तर 'मी मांडवाखाली आलं'. मी कपाळाला हात लावला. या मुलाने, की मुलीने, एकदाही मागे वळून वाचलेलं दिसत नाही!

पहिल्या वाक्यात 'आले' होतं, म्हणून मी सगळी क्रियापदं स्त्रीलिंगी केली. एकूण एकसष्ट. दोन तास लागले. शेवटी पानं नीट जुळवली आणि भास्कररावांना म्हटलं, "बघा, आता कुठे वाचण्यासारखी झाली." कौतुक करून घ्यायची मला सवय होती, आणि तेही करायचे.

पानं लागली, अंकाची पीडीएफ तयार झाली. भास्करराव नव्या लेखकांना त्यांची कथा व्हॉट्सॅपवर पाठवतात, तशी त्यांनी ती किरणलाही पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला जिन्यात बुटांचा आवाज झाला आणि हातात हेल्मेट धरलेलं एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचं माणूस दारात उभं राहिलं. आखूड केस, चौकड्यांचा शर्ट, कानात बारीक चांदीचे मणी.

"किरण. दिंडोरीहून. माझ्या कथेचं प्रूफ कुणी वाचलं?"

"मी," मी म्हटलं. आभार मानायला आलंय असं मला वाटलं, ते कबूल करते.

"मॅडम, तुम्ही माझी कथा मारून टाकली."

भास्कररावांनी फोन खाली ठेवला. किरणने मोबाईलवर पान उघडून माझ्यासमोर धरलं. "हे 'आलो' होतं. इथं 'गेलं' होतं. हे सगळं एकसारखं कशाला केलं?"

"अहो, पात्र एकच आहे. एकदा आले, एकदा आलो, असं कसं चालेल?"

"पात्र एकच आहे. अंग एक नाय. छाटणी झाली की अंग बदलतं. ते मी कथेत कुठंच सांगितलं नाय, मुद्दाम. फक्त क्रियापदात ठेवलं. वाचणाऱ्याला ते अचानक कळायला पाहिजे, की अरे, ही तर मघाशी 'आले' म्हणत होती. तुम्ही तेच पुसून टाकलं. आता राहिलं काय? द्राक्षाची शेती."

मी प्रूफाचे कागद परत काढले. माझ्या लाल खुणांखालचं मूळ वाचत गेले, पहिल्यांदाच कथा म्हणून वाचलं. चौथ्या पानावर ते दोघं बऱ्याच दिवसांनी भेटतात. एक म्हणतं 'मी थांबले होते', दुसरं म्हणतं 'मीही थांबले होते', आणि दोघांच्या लक्षात येतं की या ऋतूत आपण दोघीही बायका आहोत. तरी ओळख पटलीच. माझ्या अंगावर काटा आला. सगळीकडेच स्त्रीलिंग करून ठेवल्यावर त्या वाक्यात काहीही उरलं नव्हतं.

"बसा," मी म्हटलं. किरण बसलं.

पुढचा अर्धा तास ते बोललं. वायनरीच्या प्रयोगशाळेत नोकरी, घरी द्राक्षबाग, बारावीपासून लिहायचा नाद. मी ऐकत होते आणि माझा कान आपोआप त्याचं काम करत होता. 'मी सांगितलं', 'मला वाटलं', 'मी उद्या परत येईन', 'मला जायचं होतं'. अर्ध्या तासात एकही क्रियापद असं आलं नाही, की ज्यावरून बोलणारा पुरुष की बाई ते कळावं.

जरा थांबून सांगते, कारण मला हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. मराठीत 'मी गेलो', 'मी गेले' म्हटलं की गुपित फुटतं. 'मी जातो', 'मी जाते', तेच. पण 'मी दार उघडलं', 'मी आंबा खाल्ला', इथे क्रियापद दाराच्या आणि आंब्याच्या मागे जातं. बोलणारा सुटतो. भविष्यकाळात, 'मी जाईन', तिथेही सुटतो. हे व्याकरण मी आयुष्यभर वापरलं होतं. त्याच्या आडोशाने एखादं माणूस संपूर्ण दिवस काढू शकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"तुम्ही मुद्दाम असं बोलता?" मी विचारलं.

किरण पहिल्यांदा हसलं. "सातवीपासून. तुमच्याआधी कुणालाच कळलं नाय."

"मग मी तुमच्याबद्दल बोलताना काय म्हणू?"

"आई मला लेकरू म्हणते. लेकरू आलं, लेकरू जेवलं. तेवढं एकच मला बरं वाटतं. पण शाळेत त्याला नपुंसकलिंग म्हणायचे, आणि सर तो शब्द फळ्यावर लिहायचे तेव्हा अख्खा वर्ग माझ्याकडे बघायचा."

तो शब्द मी रोज उच्चारत होते. दुरुस्तीची टीप म्हणून पतसंस्थेच्या अहवालांच्या समासात लिहीत होते. किरणच पुढे म्हणालं, "रानातल्या द्राक्षवेलीत नर वेगळा असतो, मादी वेगळी. आपण खातो त्या द्राक्षाच्या एकाच फुलात दोन्ही असतं. सगळी दिंडोरी त्याच्यावर जगते, आणि मलाच विचारतात, तू नक्की कोण?"

आता प्रश्न भास्कररावांचा होता. सातपूरच्या छापखान्यात दुपारी फाईल जायची होती. ते चष्मा पुसत म्हणाले, "हे बघा, वाचक म्हणतील प्रुफं वाचलीच नाहीत. सतरा पत्रं येतील. फार तर तळटीप टाकू. 'क्रियापदांची रूपे लेखकाच्या इच्छेनुसार.'"

"तळटीप नको," किरण म्हणालं. "तळटीप वाचली की लोक कथा सोडून माझ्याकडे बघतील. त्यापेक्षा कथा काढून टाका."

"तुम्ही काय म्हणता, मंदाताई?" भास्कररावांनी मला विचारलं.

अंकाच्या दुसऱ्या पानावर माझं नाव असायचं: मुद्रितशोधन, मंदा अमुकतमुक. मला त्या एका ओळीचा गर्व होता. दुसरं काही नव्हतंच माझ्या नावावर. एकसष्ट चुका माझ्या नावाखाली छापून येणार, आणि त्या चुका नाहीत हे मला कुणालाही सांगता येणार नाही! गंमत म्हणजे मला भीती वाटण्याऐवजी उकळ्या फुटत होत्या. केलेली दुरुस्ती रद्द करायची असली की आम्ही त्या शब्दाखाली टिंबं देतो आणि समासात 'राहू द्या' असं लिहितो. मी पेन उचललं. 'राहू द्या.' 'राहू द्या.' 'राहू द्या.' किरण शेजारी उभं राहून मोजत होतं. शेवटचं लिहून झालं तेव्हा पावणेदोन वाजले होते आणि छापखान्याच्या माणसाचा दोनदा फोन येऊन गेला होता.

सतरा पत्रं आली नाहीत, सहा आली. पाच जणांनी माझा उद्धार केला होता. सहावं पत्र सिन्नरच्या एका निवृत्त मराठीच्या शिक्षकांचं होतं. त्यांनी कथेची झेरॉक्स काढून त्यावर लाल पेनाने एकेक चूक दुरुस्त केली होती, अगदी माझ्यासारखी. पहिलं पान लाल. दुसरं लाल. तिसरं लाल. चौथ्या पानाच्या मध्यावर लाल पेन थांबलं होतं. पुढची पानं कोरी. शेवटी वेगळ्या शाईत लिहिलं होतं: 'क्षमस्व. आत्ता ध्यानात आले. पुन्हा पहिल्यापासून वाचली. या वयात भाषेने असे चकवावे, याचा आनंद कोणाला सांगू म्हणून तुम्हाला लिहिले.' मी ते पत्र घेऊन भास्कररावांच्या टेबलाभोवती अक्षरशः नाचले.

किरणचा फोन आला तो वडिलांबद्दल. अंक घरी गेला होता. वडील दोन दिवस तो वाचत होते. तिसऱ्या दिवशी बागेत म्हणाले, 'दुसऱ्या छाटणीनंतर फुटवे यायला काडीला पेस्ट लावावी लागते. ते लिहायचं राहिलं.' किरण फोनवर ओरडत होतं, "ताई, 'विसरलास' नाय, 'विसरलीस' पण नाय. 'राहिलं' म्हणाले! आण्णांनी शोधून काढलं वाक्य!"

त्यानंतर किरण महिन्यातून एकदा यायला लागलं. 'मॅडम'ची 'ताई' मी झालेच होते, आता मीही अहो-जाहो सोडलं. आम्ही दोघं बसून जुन्या अंकांमधल्या चहा आणणाऱ्या नायिका शोधायचो आणि पोट दुखेपर्यंत हसायचो. एकदा ते म्हणालं, "ताई, तुम्ही का नाय लिहीत?"

"मला काय सुचणार?"

"विज्ञानकथा सुचावी लागत नाय. एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं खरं लिहायचं. तुम्हाला काय बदलायचंय?"

काय बदलायचंय ते मला ताबडतोब कळलं. म्हणून मी विषय बदलला.

शालिनीबद्दल आता सांगते. ती शाळेत भूगोल शिकवायची. आम्ही सव्वीस वर्षं एकत्र राहतो. पहिलं घर भाड्याने घेताना मालकांना 'मावसबहिणी' सांगितलं आणि ते तसंच राहून गेलं. नातेवाइकांत मी तिच्याबद्दल बोलताना 'आमच्याकडे', 'घरी एक जण' असं बोलायचे. किरणला सातवीत जे जमलं ते मलाही येतच होतं की!

किरण भेटण्याच्या आदल्याच वर्षी शालिनीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातल्या अर्जावर रकाना होता: रुग्णाशी नातं. मी 'मैत्रीण' लिहिलं. काउंटरवरची मुलगी स्वभावाने चांगली होती. म्हणाली, "मॅडम, घरचं कोणी नाही का?" मी शालिनीच्या इगतपुरीच्या भाच्याला फोन लावला. रस्त्यात पाऊस, तो तीन तासांनी आला. शालिनीला कुठलं औषध चालत नाही ते मी त्याला सांगितलं, त्याने डॉक्टरांना सांगितलं. मी दोन फुटांवर उभी होते. तेव्हा मी गप्प राहिले याची खंत मला अजून आहे.

मी कथा लिहायला घेतली. दीडशे वर्षांनंतर माणसं कायमची दुसऱ्या ग्रहावर निघाली आहेत. रॉकेटमध्ये चढण्यापूर्वी अर्ज भरायचाय, पण त्यात 'नातं' हा रकानाच नाही. एकच प्रश्न आहे: तुम्हाला घरी यायला उशीर झाला, तर जेवायचं कोण थांबतं? ज्याचं नाव लिहाल त्याची जागा तुमच्या शेजारी. बस, तेवढंच बदललं. बाकीचं हाताला जणू लिहिता येतच होतं. आठ दिवस मी जेवताना, भाजी निवडताना, रिक्षात, सगळीकडे लिहीत होते. साठीत पहिल्यांदा कळलं की लेखक लोक एवढे बेजबाबदार का वागतात.

लिहून झाल्यावर शालिनीला दिली. ती गॅलरीत बसून वाचत होती आणि मी आत धुतलेली भांडी पुन्हा धूत होते.

"मंदा," तिने हाक मारली. "हा शशांक कोण?"

"कथेतला आहे. जेवायचा थांबतो तो."

"हा चष्मा फ्रीजवर विसरतो. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचतो. कोशिंबिरीत साखर घातली की रागावतो." तिने कागद मांडीवर ठेवले. "मला मिशा कधी फुटल्या?"

मला हसू आलं आणि लगेच रडूही. "सवयीने झालं गं," मी म्हटलं. खरंच सवयीने झालं होतं. मी ठरवून केलं नव्हतं. हातच तसा वळला होता.

"घाबरलीस?"

"हो."

"दीडशे वर्षांनंतरच्या रॉकेटमध्येही मावसबहिणी म्हणूनच राहायचं का आपण?" शालिनी शांतपणे म्हणाली. "नाव काहीही ठेव. पण 'ती' कर."

मी पेन्सिल घेतली आणि तिच्या शेजारी बसले. 'थांबला'चं 'थांबली'. 'म्हणाला'चं 'म्हणाली'. आयुष्यात इतक्या दुरुस्त्या केल्या, पण एवढी मजा कधी आली नव्हती. प्रत्येक क्रियापदासरशी ते पात्र उठून बसत होतं, श्वास घेत होतं. मधेच शालिनी म्हणाली, "इथे मी असं म्हणणार नाही," आणि तिने एक संवाद बदलायला लावला. तो कथेतला सगळ्यांत चांगला संवाद ठरला. श्रेय मी घेते.

भास्कररावांनी कथा वाचून चष्मा काढला. "मंदाताई, एवढी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढत बसलात, ही तुमची चूक," म्हणाले आणि पहिल्या पानावर 'स्वीकृत'चा शिक्का मारला. प्रुफं वाचायचा हट्ट किरणने धरला. त्याने माझ्या कथेत अकरा चुका काढल्या, सगळ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या. त्या अपमानातून मी अजून पुरती सावरलेले नाही. गेल्या वर्षी मी नोकरी सोडली, आता त्या खुर्चीत शनिवारी किरण बसतं. मी सुचवल्याप्रमाणे ते चहा आणणाऱ्या नायिकांखाली लाल रेघ मारतं.

अंक आला तो गेल्या दिवाळीच्या आधी चार दिवस. शालिनीने एक प्रत उचलली, चकल्यांची ताटली घेतली आणि खाली देवरेकाकूंकडे निघाली. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मूळच्या सटाण्याकडच्या, मनापासून बोलायला लागल्या की अहिराणीत शिरतात. मी "अगं, थांब जरा" म्हणेपर्यंत ती खाली पोचलीसुद्धा. मी जिन्यात अर्ध्यावर कठडा धरून उभी राहिले.

"काकू, यात मंदाने गोष्ट लिहिली आहे."

"हो का? कसली?"

"आमची," शालिनी म्हणाली. "त्यात जेवायची थांबणारी बाई आहे ना, ती मी. आम्ही मावसबहिणी नाही आहोत, काकू."

मग पानं उलटल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन. काकू चित्रं बघत होत्या.

"रॉकेट शे का त्यामा?" काकूंनी विचारलं. "मना नातूले रॉकेटनीच गोष्ट लागस."

"आहे ना. मोठं आहे."

"मंग बठ ना," खुर्ची सरकवत काकू म्हणाल्या. "आन तिले बी बलाव. जिनामा उभी शे ती."